मूड आणि पचनाची प्रोबायोटिक कॅप्सूल: हिवाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

ऑटो-रिन्यूअलने परत 1,799 रुपये कापले, म्हणून लिहायला बसलो. सीएफयू म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा, स्ट्रेन म्हणजे जंतूंच्या जातीतला ठरावीक वाण; याहून जास्त उगाळत नाही.

माझं दुखणं जुनं आहे. बँकेत ऑडिट लागलं की पोट बिघडतं. तपासण्या सगळ्या स्वच्छ, डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्याचा हळवेपणा, म्हणून सोडून दिलं. पोट सुधारलं की मनही सुधारतं, असं जाहिरातीत होतं. डिसेंबरात ही चांगल्या जंतूंची कॅप्सूल घेतली.

सुरुवातीला नुसता गॅस. मग पोटाला खरंच फरक पडला. ऑफिसला निघताना चप्पल काढून पुन्हा आत पळायची वेळ क्वचितच यायला लागली. फेब्रुवारीत झोपही छान लागत होती. चार स्टार द्यायच्या बेतात होतो. मग मार्च एंडिंग आलं आणि कॅप्सूल चालू असताना तीच धडधड, रात्री दोनला तेच हिशेब. सौ. म्हणाली, "फेब्रुवारीत तुमचे साहेब रजेवर होते." त्यावर काय बोलणार?

डब्यातल्या पत्रकात मोठ्या अक्षरात आहे की शरीरातलं 90 टक्के सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलं जाणारं रसायन, आतड्यात बनतं. खरं आहे. पण ते मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं स्वतःचं वेगळं बनवतो, हे पत्रकात नाही. फ्रान्समधला 2011 चा अभ्यास दिलाय: धडधाकट माणसांना महिनाभर दोन जातींचे जंतू दिले, ताण कमी झाला. त्याच दोन स्ट्रेनवर न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला 79 उदास माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल छापून आला: खोट्या कॅप्सूलपेक्षा काही फरक नाही. तो अर्थातच पत्रकात नाही. शिवाय त्या चाचण्यांतल्या स्ट्रेनला क्रमांक आहेत, आर0052 आणि आर0175. या डब्यावर नुसती जातीची नावं, क्रमांकच नाही. म्हणजे अभ्यास कुणाचा आणि माल कुणाचा!

आता मुख्य मुद्दा. मी अकोल्यात राहतो. डब्यावर छापलंय '25 अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा.' एप्रिलअखेरचं पार्सल शुक्रवार ते सोमवार कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून होतं. बाहेर पारा 43 वर, आत किती ते कुरिअरवाल्यालाच ठाऊक. डबा हातात घेतला तर चटका. कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, आपले बॅक्टेरिया फ्रीझ-ड्राइड आहेत, त्यांना काही होत नाही."

"मग 25 अंश कशाला छापलंत?"

"सर, तुमचा फीडबॅक पुढे पाठवते."

सुकवलेले जंतू बरेच दिवस टिकतात हे मान्य. पण उष्णतेने आणि ओलीने ते मरत जातातच. म्हणून काही कंपन्या एक्स्पायरीपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा छापतात. यांचा छाप: '10 अब्ज सीएफयू, उत्पादनाच्या वेळी'. गवळ्याने नासलेलं दूध देऊन 'काढलं तेव्हा ताजं होतं' म्हणावं, त्यातली गत. मला आकडा उत्पादनाच्या वेळचा नको, माझ्या दारात पोचला तेव्हाचा हवा. पैसे मी दारात आल्यावरचे देतोय.

इथवर लिहून दोन स्टार दिले होते. त्यानंतरची भर: सौ.ने त्या तापलेल्या डब्यातल्या दोन कॅप्सूल फोडून कोमट दुधात टाकल्या. सकाळी दही लागलं होतं. सैल, पण आंबट. घरचं दूध काही निर्जंतुक नसतं, त्यामुळे हा पुरावा म्हणता येणार नाही, पण सगळेच मेले असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही. तीन स्टार केले. ते दही तिने तुळशीलाही घातलं नाही.

मनासाठी खाण्याकडे बघणाऱ्यांसाठी एक माहिती. ऑस्ट्रेलियात 2017 साली 67 डिप्रेशनच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. 12 आठवडे भाज्या, डाळी, कडधान्यं, मासे असा आहार सांभाळणाऱ्यांतले जवळजवळ एकतृतीयांश बरे झाले. नुसत्या गप्पागोष्टींच्या गटात शंभरात आठ. चाचणी छोटी आहे आणि त्यातल्या बहुतेकांचे उपचार चालू होते, तेव्हा गोळ्या बंद करून उसळ खात बसू नका. पण मला भावला तो खर्च: आधीच्या खाण्याला आठवड्याला सरासरी 138 डॉलर, या आहाराला 112. पैसे वाचवणारा इलाज मी पहिल्यांदाच वाचला. आमच्याकडे आता रात्री ज्वारीची भाकरी, मटकी आणि ताक. पोट कॅप्सूलइतकंच बरं आहे. कढीवर भरवसा नको, उकळली की जंतू गेले.

सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही, वेबसाइटवर 'अकाउंट'च्या पोटात दडवलंय. शेवटच्या डब्याचे निम्मे पैसे 'वॉलेट'मध्ये आले, ते फक्त त्यांच्याच साइटवर चालतात. चटका बसलेला डबा फ्रीजमध्ये आहे. संपेपर्यंत घेणार. 1,799 रुपये आहेत.