बगदादच्या बायका, चाळीसगावच्या भिंतीवर : जवाद सलीम यांच्या बारा चित्रप्रतींचा संच

चाळीसगावच्या आमच्या शाळेतील चित्रकलेच्या वर्गासाठी मी मार्च महिन्यात जवाद सलीम या इराकी चित्रकाराच्या बारा चित्रप्रतींचा संच ऑनलाइन मागवला. किंमत १,८५० रुपये. कागद जाड आणि बिनचकाकीचा. सोबत आठ पानांची एक पुस्तिका येते आणि माझी पहिली तक्रार तिच्याविषयीच आहे. पूर्वेकडील स्त्रीचे गूढ उलगडणारी चित्रे, अशा आशयाची जाहिरात तिच्या मुखपृष्ठावर आहे. आतील चित्रांत मात्र एक बाई शिलाई मशीनपाशी आहे, दुसरी कॉफीच्या किटलीपाशी, आणि दोघीही आपापल्या कामात इतक्या रमल्या आहेत की गूढ शोधणाऱ्याच्या हाती काही लागू नये.

पुस्तिकेत ना चित्रांची साले आहेत, ना चित्रकाराविषयी धड माहिती, त्यामुळे ती जुळवाजुळव मलाच करावी लागली. सलीम पॅरिस आणि रोम येथे शिकले, दुसऱ्या महायुद्धामुळे बगदादला परतल्यावर तेथील पुराणवस्तू खात्यात काम करू लागले आणि पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले. १९५१ मध्ये चित्रकार शाकिर हसन अल सईद यांच्यासह त्यांनी ‘बगदाद आधुनिक कला गट’ स्थापन केला. आधुनिक चित्र काढायचे, पण त्याची मुळे आपल्याच मातीत शोधायची, ही त्या गटाची भूमिका होती. यांतील पुराणवस्तू खात्याचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या चित्रांतील स्त्रियांचे डोळे तेथूनच आलेले आहेत. इराकमधील प्राचीन सुमेर संस्कृतीच्या मंदिरांत देवापुढे हात जोडून उभ्या असलेल्या लहान दगडी मूर्तींचे डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे आणि टक्क उघडे असतात. सलीम यांनी ते बगदादच्या गल्लीतील बाईला दिले. रंगांचे सपाट पट्टे आणि मोजकी, ठाम रेषा पाहिली की १२३७ मध्ये हरीरी या अरबी लेखकाच्या ‘मकामात’ या कथासंग्रहाची हस्तलिखित प्रत चितारणाऱ्या याह्या अल वासितीची आठवण होते. चंद्रकोरीचा आकार तर चेहरा, खांदा, भांडे अशा कोणत्याही वस्तूत डोकावतो.

आमची मुले दरवर्षी सहलीला अजिंठ्याला जातात, त्यामुळे पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे खाली झुकलेले, अर्धोन्मीलित डोळे त्यांच्या ओळखीचे आहेत. सातवीतील एका मुलीने शिलाई मशीनचे चित्र पाहून विचारले, ‘‘मॅडम, हाई बाई डोया काब मिटत नही?’’ (ही बाई डोळे का मिटत नाही?) त्या प्रश्नावर आमचा पूर्ण तास गेला. अजिंठ्याची नजर आत वळलेली आहे, सलीम यांची समोरच्याकडे. स्त्रीचे चित्र काढणाऱ्याने यांपैकी काय निवडले यावरून त्याचे तिच्याशी असलेले नाते कळते, असे माझे मत आहे. सलीम यांच्या स्त्रिया आपल्याकडे पाहतात, पण आपल्यासाठी बसत नाहीत.

छपाईबाबत मात्र विक्रेत्याला पूर्ण गुण देता येत नाहीत. विटकरी आणि पिवळा हे रंग सुरेख उतरले आहेत, परंतु डोक्यावरून घेतलेल्या अबायाचा, म्हणजे अंगभर झग्याचा, काळा रंग राखाडी झाला आहे. बगदादी बाईच्या चित्रात तो काळा आकार म्हणजे चित्राचा कणा असतो. तोच फिका पडल्यावर शेजारचे रंगही सैल वाटू लागतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सर्व चित्रे एकाच मापात बसवण्यासाठी तीन चित्रांच्या कडा कापल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी एकात चंद्रकोरीचे एक टोकच गायब झाले आहे. पांढरे समास मोठे सोडले असते तर हे सहज टळले असते. मी तसे कळवले, तेव्हा ‘ग्राहकांना एकसारखे माप आवडते’ एवढेच उत्तर मिळाले.

निवडीतही एक उणीव जाणवते. सलीम हे मूलतः शिल्पकार, आणि बगदादच्या तहरीर चौकातील ‘नस्ब अल हुर्रिया’ हे ५० मीटर लांबीचे स्वातंत्र्यस्मारक त्यांचे सर्वांत मोठे काम. अरबी लिपीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचत जावे अशा त्याच्या ब्राँझच्या आकृतींत पुत्राच्या मृत्यूने कोसळलेली आई आहे आणि बाळाला कवटाळणारी आईही आहे. जानेवारी १९६१ मध्ये सलीम यांचे निधन झाले आणि स्मारकाचे अनावरण त्याच वर्षी, त्यांच्यामागे झाले. त्याचे एक छायाचित्र घातले असते तर घरातील बाई आणि चौकातील बाई शेजारी शेजारी पाहता आल्या असत्या.

तरीही कलाशिक्षकांनी हा संच घ्यावा, असे मी म्हणेन. दर चित्रामागे दीडशे रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि एवढ्यात एखाद्या साध्या देखाव्याचे पोस्टरही धड मिळत नाही. मात्र मागवताना प्रती सपाट पुठ्ठ्यात पाठवण्याचा आग्रह धरावा. माझा संच नळीत गुंडाळून आला, नळी वाटेत चेपली होती आणि कागद सरळ व्हायला चार दिवस पाटाखाली ठेवावा लागला. लॅमिनेशन करू नये, त्याच्या चकाकीत डोळे हरवतात. साधी काच आणि दोन इंचांचा माउंट पुरे. अकरा चित्रे आता वर्गाच्या भिंतीवर आहेत. कॉफीच्या किटलीचे चित्र कोपऱ्यात मुडपले होते, ते मी फ्रेम न करता मुलांना हातात घेऊन पाहण्यासाठी टेबलावर ठेवले आहे.