शेरलॉक होम्सचा सचित्र सोबती: आठ महिने वापरल्यानंतर

"म्हणजे गाडीवान मागे बसतो?" बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि पुस्तक जवळ ओढलं. पानावर हॅन्सम कॅबचं, म्हणजे होम्सच्या लंडनमधल्या भाड्याच्या घोडागाडीचं, मोठं चित्र होतं. दोन चाकं, एक घोडा, आत दोघांपुरती जागा आणि गाडीवान पार मागे, उंच बैठकीवर. लगाम छतावरून थेट घोड्यापर्यंत गेलेले. आतल्या माणसाला गाडीवानाशी बोलायचं तर छताला एक छोटी झडप. बाबांचं वय ७८. शाळेत असल्यापासून मराठी अनुवादांतून होम्स वाचतायत, आणि इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर टांगाच होता, पूर्वी ठाणे स्टेशनबाहेर उभा असायचा तसा.

हे पुस्तक मी फेब्रुवारीत घेतलं. इंग्रजी, मोठ्या आकाराचं, पानोपानी चित्रं, नकाशे, जुने फोटो. होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा ज्या जगात घडतात ते जग समजावून सांगणारा हा सोबती आहे. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात तो सध्या तीन पिढ्या वापरतायत. मी, बाबा आणि नववीतली लेक.

कथा कळायला असं पुस्तक लागत नाही, हे मलाही मान्य होतं. पण काही जागा आपण न समजता पुढे जातो, आणि ते आपल्याला कळतही नाही. पहिल्याच कादंबरीत (१८८७) रस्त्यावरच्या चाकोऱ्या बघून होम्स सांगतो की इथे खाजगी नव्हे, भाड्याची गाडी आली होती. कारण ग्राउलर, म्हणजे भाड्याची चारचाकी, श्रीमंतांच्या ब्रूहॅमपेक्षा अरुंद असते. हे वाक्य मी तीनदा तरी वाचलं असेन आणि दर वेळी 'हुशार आहे बुवा' म्हणून पान उलटलं असेल. इथे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी काढल्या आहेत, खाली चिखलात त्यांच्या खुणा. तेव्हा कुठे पटलं की ही जादू नाही, निरीक्षण आहे. चाकोरी हा शब्द रोज तोंडात असतो, त्याचा मूळ अर्थही मी त्या चित्रात पहिल्यांदा नीट पाहिला.

पैशांचं पान आमच्याकडे सर्वांत जास्त उघडलं गेलं. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग. लेक गोंधळली, बाबा अजिबात नाहीत. "आमच्याकडे १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता," म्हणाले, आणि तिला तोंडी हिशेब घालायला लागले. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परतलेल्या वॉटसनला, म्हणजे होम्सच्या डॉक्टर मित्राला, दिवसाला साडेअकरा शिलिंग मिळतात आणि तरी लंडनमध्ये भागत नाही. लाल केसांच्या मंडळाच्या कथेत मात्र नुसतं बघून लिहून काढायचे आठवड्याला ४ पौंड! दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघतात, हे लेकीने वहीत मांडून दाखवलं. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

रेल्वेचं प्रकरणही सुरेख आहे. 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत होम्स एकमेकांपासून ६० यार्डांवर असलेले तारेचे खांब मोजून गाडीचा वेग ताशी साडेत्रेपन्न मैल सांगतो. मे महिन्यात डोंबिवलीला मावशीकडे जाताना लेकीने खिडकीतून तोच प्रयोग केला. आपल्या विजेच्या खांबांमधलं अंतर सारखं नसतं, वळणावर ते कमी होतं. म्हणून तिने खांबावरचा किलोमीटरचा आकडा बदलायची वाट पाहिली. दिवा स्टेशननंतर एका किलोमीटरला ४८ सेकंद लागले. म्हणजे ताशी ७५. समोरच्या काकू कौतुकाने बघत होत्या.

सिडनी पॅजेटची 'स्ट्रँड' मासिकातली चित्रं (१८९१ पासूनची) मोठी आणि स्वच्छ छापली आहेत. ती कानटोपीसारखी डीअरस्टॉकर टोपी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे ती पॅजेटमुळे. मूळ मजकुरात तिचं नावसुद्धा येत नाही. शिवाय पॅजेटचा होम्स ती फक्त गावाकडच्या प्रवासात घालतो, लंडनमध्ये त्याच्या डोक्यावर उंच हॅट असते.

आता तक्रारी. सर्वांत मोठी ही की पुस्तक शेवट फोडतं. एका गाजलेल्या कथेच्या पानावर रहस्याचं उत्तरच पानभर रंगवलंय. कथेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लेकीने ती वाचली नव्हती, आणि तिचा तो पहिला धक्का कायमचा गेला. मला याचं अजून वाईट वाटतं.

दुसरी, लंडनचा नकाशा दोन पानांवर पसरलाय आणि नेमका बेकर स्ट्रीट, जिथे २२१बी हा होम्सचा पत्ता, तोच मधल्या घडीत गेलाय. कथा लिहिल्या जात होत्या तेव्हा त्या रस्त्यावर २२१ नंबरचं घरच नव्हतं, ही माहिती शेजारच्या चौकटीत आहे. ती वाचून माणूस नकाशात शोधायला जातो आणि हाती शिवण लागते. चित्रांखालचा मजकूर इतका बारीक की बाबा भिंग घेऊन बसतात.

भारतावर जेमतेम दोन पानं आहेत. 'साइन ऑफ फोर' या कादंबरीत आग्र्याचा खजिना आहे, अंदमान आहे, आणि शीख म्हणून आलेल्यांची नावं महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान अशी आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला हे खटकेल. वॉटसनची जखम एकदा खांद्याला आणि एकदा पायाला असल्याचं हे पुस्तक चवीने सांगतं, पण या नावांबद्दल अवाक्षर नाही.

आणि बांधणी. जुलैच्या दमट हवेत मधला डिंक सुटला आणि नकाशाची पानं हातात आली. पुस्तक वजनदार आहे, आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन किलोला थोडं कमी भरलं. पडून वाचता येत नाही. टेबलावर ठेवूनच वाचा आणि पावसाळ्यात बंद कपाटात ठेवा.

ज्यांनी निदान वीस-पंचवीस कथा वाचल्या आहेत त्यांनी जरूर घ्यावं. मुलांना द्यायचं असेल तर आधी कथा द्या. आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ची, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये छापलेल्या कथेत होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यापाशी वाचकांना अंतरला. हे जुळवलं बाबांनी. नकाशाची पानं बाइंडरकडून शिवून आणली आहेत, घडीत अडकलेला बेकर स्ट्रीट आता थोडा दिसतो. बाबांनी पहिल्या कादंबरीचा अनुवाद पुन्हा काढलाय, आणि गाडी आली की वाचन थांबवून आधी ती कुठली ते या पुस्तकात बघतात.