घरपोच सांता, नाशिकरोड : पाचपैकी तीन

गेल्या २४ डिसेंबरला आमच्या घरी, जेलरोडला, सांताक्लॉज बोलावला होता. पैसे भरून. अशी काही सेवा मिळते हे सुनेनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, वासुदेव पसाभर धान्यात येतो, आणि याचे ७९९ रुपये? ती म्हणाली, "बाबा, कॉलेजरोडला पंधराशे घेतात." मग मी गप्प बसलो.

सेवा देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. चार-पाच कॉलेजातली पोरं मिळून वर्षातले आठ-दहा दिवस हे काम करतात, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण पुढच्या डिसेंबरात कुणाला असा सांता बोलवायचा असेल तर काय बघून घ्यावं, हे कळावं म्हणून लिहितो आहे.

नोंदणी सोपी आहे. व्हॉट्सॲपवर एक फॉर्म येतो. मुलांची नावं, वय, एक चांगली सवय, एक वाईट सवय. वाईट सवयीवर सांता जाता जाता दोन शब्द सुनावतो म्हणे. सुनेनं लिहिलं, भाजी खात नाहीत. अख्ख्या नाशिक जिल्ह्यातून त्या दिवशी आलेल्या फॉर्मवर हेच एक वाक्य असणार. खेळणी आपणच आणायची आणि आदल्या दिवशी त्यांच्याकडे पोचती करायची. ४०० रुपये आगाऊ, उरलेले दारात. पंधरा मिनिटांची भेट. सांताच्या नावानं मुलांना पत्र हवं असेल तर तेही आपणच लिहून द्यायचं. थोडक्यात, वस्तू आपली, मजकूर आपला, दाढी फक्त त्यांची.

पत्राचं काम माझ्याकडे आलं. मी करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालो. चौतीस वर्षं छापून आलेल्या नोटांच्या शीट बघितल्या. रेघ कुठे तुटली, शाई कुठे फुटली, आकडा कुठे सरकला. त्यामुळे घरात कुठलंही कागदाचं काम निघालं की ते माझ्या गळ्यात पडतं. मोठी नात आठ वर्षांची, माझं अक्षर ओळखते, म्हणून मी पत्र डाव्या हातानं लिहिलं. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर बरं जमलं. तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो, ते पुढे महागात पडलं.

वेळ दिली होती साडेसात ते आठ. पावणेआठला फोन केला तर "काका, द्वारकेला अडकलोय." नाशिककराला त्या चौकाबद्दल यापुढे काही विचारायची गरज नसते. सव्वाआठला "दहा मिनिटांत." साडेआठला फोन लागेना. धाकटा साडेचार वर्षांचा, तो सोफ्यावर झोपून गेला. थंडी अशी की गॅलरीत उभं राहून वाट बघणंही होईना. निफाडकडून वारा सुटला की आमच्या मजल्यावर लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. वेळेचे गुण मी इथेच कापले. नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली आणि धाकट्याला अर्धवट झोपेत उभं केलं.

आता दाद द्यायची ती देतो. पोशाख चांगला होता. मखमल खरी, पांढरी किनार नीट शिवलेली, पट्टा रुंद. "हो हो हो" पोटातून आलं. मराठी बोलला, आणि शाळेच्या गॅदरिंगमधलं पाठ केलेलं मराठी नव्हे, आपल्याकडचं बोलणं. धाकट्याला आम्ही घरी आलेल्या मोठ्या माणसाच्या पाया पडायला शिकवलंय. त्यानं डोळे चोळत सांताला वाकून नमस्कार केला. पोरगा क्षणभर गडबडला, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे बाळा, असू दे. मोठा हो." हे त्याला कुणी शिकवलेलं नसणार. तीन गुणांतला एक पूर्ण गुण या एका वाक्याचा आहे.

उणिवा. दाढी कानाला रबरानं अडकवलेली, मास्कसारखी, आणि बोलताना खालचा ओठ दाढीच्या वर यायचा. पोटाची उशी डावीकडे सरकलेली. पायात बूट नव्हते, खेळाचे शूज होते, पैकी एकाची नाडी हिरवी. हेल्मेट त्यानं दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पैसे. माझा मुलगा क्यूआर कोड शोधत होता, सांतानं तो स्वतःच मोबाइलवर काढून समोर धरला, मुलांच्या देखत. पैसे गेले आणि सांताच्या खिशातून बाईचा खणखणीत आवाज आला : तीनशे नव्व्याण्णव रुपये प्राप्त हुए.

धाकट्याला काही कळलं नाही. त्याला ट्रक मिळाला होता. मी मोठीकडे बघितलं. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. शीटमध्ये चूक सापडली पण सुपरवायझर यायच्या आधी बोलायचं नाही, असं ठरवलेल्या माणसाचा.

ती बोलली नाही. सांताला टाटा केला, भाजी खाईन असंही कबूल केलं. साडेदहाला धाकटा झोपल्यावर माझ्या खोलीत आली, हातात पत्र. ट्यूबलाइटसमोर धरलं आणि म्हणाली, "आबा, याच्यात वॉटरमार्क आहे."

शंभराच्या नोटेतले गांधीजी उजेडाला धरून कसे बघायचे ते मीच तिला पाच वर्षांची असताना शिकवलं होतं. सोसायटीच्या अर्जांसाठी आणलेला बाँड पेपर माझ्या खणात असतो. त्यालाही कंपनीचं पाणचिन्ह असतं, हे मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढून विसरलो. तिनं खण उघडला, कोरा कागद काढला, दोन्ही शेजारी शेजारी धरले. एकच. वर म्हणाली, "आणि ळ तुझाच आहे. डाव्या हातानं काढलास तरी."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाली, शंका पहिलीपासून होती, कारण सांता वर्गातल्या एका मैत्रिणीकडे येतो आणि दुसरीकडे येतच नाही. हेल्मेट बघून पक्कं झालं. रडली वगैरे नाही. उलट नाक वर होतं.

रडली ती सून. स्वयंपाकघरात, ओटा पुसता पुसता. तिला वाटलं लेकीचं बालपण आज संपलं आणि ते आपण ७९९ रुपये भरून संपवलं. मग माझ्या मुलानं मोबाइलवर शोधून काहीतरी वाचून दाखवलं : १९९४ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सांता खोटा असल्याचं कळलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून बघितलं होतं. बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास आपलं आपणच कळलं होतं, आणि त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते आईवडिलांना. सून म्हणाली, हे मला अमेरिकेहून कशाला कळायला हवं, मी इथेच रडतेय ना.

मला त्या रात्री माझ्या आईची मूठ आठवत होती. भाद्रपदात गौरी यायच्या तेव्हा दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची इवली इवली पावलं उमटलेली असायची. गौर आली, ही तिची पावलं, म्हणून आम्ही भावंडं त्यांना चुकवून उड्या मारत चालायचो. एका वर्षी मी पहाटे उठलो. आई उकिडवी बसली होती, मूठ वळून तिची कड कुंकवाच्या पाण्यात बुडवून फरशीवर टेकवत होती, वर बोटानं पाच ठिपके. मी दाराआड उभा राहून दोन-तीन पावलं बघितली आणि परत जाऊन पांघरुणात शिरलो. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही त्या पावलांवर पाय पडू दिला नाही. गौर ज्या वाटेनं येते ती आईनं काढली असली म्हणून काय झालं, असं काहीसं डोक्यात असावं.

तक्रारीचा खरा मुद्दा मला तिथे सापडला. गौर कधी मखमलीचे कपडे घालून बेल वाजवत आली नाही. दिसली ती पावलंच. प्रेसमध्ये माझे एक सहकारी होते, शरणपूररोडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. नाताळला त्यांच्याकडून करंज्या, चकल्या, शेवेचं ताट यायचं, दिवाळीसारखंच. त्यांच्या घरी दारावर कागदाची चांदणी असायची, सांता मी कधी पाहिला नाही. सांता म्हणजे मूळचा संत निकोलस, चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, त्याचा सण ६ डिसेंबरला, हे मला त्यांनीच सांगितलं. कथा अशी की एका गरीब बापाच्या तीन मुली हुंड्यावाचून अडल्या होत्या, आणि निकोलसनं रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. कुणी बघू नये म्हणून रात्री. हुंडा ऐकून मी तेव्हा हसलो होतो, आपलाच माणूस निघाला म्हणून.

म्हणजे देणारा मुळात लपून देत होता. आमचा मात्र पंधरा मिनिटांच्या बोलीवर दिवाणखान्यात उभा, वर पावतीचा आवाज. मुलं सांगोवांगीवर वाट्टेल ते मानतात, पण माणूस समोर उभा केला की ती त्याची नाडीसुद्धा तपासतात, आणि माझ्या घरातली मुलं तर तपासणारच.

तरीही सेवा वाईट म्हणणार नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर जरूर बोलवा, धाकटा अजून दारातल्या पायपुसण्यावर सांताच्या बुटाची माती शोधतो. सात ओलांडलेलं असेल तर ७९९ रुपयांचं दुसरं काही घ्या. दोन्ही असतील तर मोठ्याला आधी विश्वासात घ्या, ते आम्ही केलं नाही. पैसे सगळे आगाऊ द्या. पायात काय घालणार ते विचारा. वेळ सहाची मागा, म्हणजे सातला येईल. आणि हेल्मेट खाली वॉचमनकडे ठेवायला सांगा.

उशिराबद्दल मी दुसऱ्या दिवशी मेसेज टाकला. पोरगा भला, माफी मागून शंभर रुपये परत पाठवले. ते मोठीनं माझ्याकडून मागून घेतले. कशाबद्दल, विचारलं तर म्हणाली, "धाकट्याला सांगत नाही ना, त्याबद्दल." आणि जाताना दारातून, "पुढच्या वर्षी माणूस नको बोलावू. नुसतं पत्र ठेव उशाशी. मी लिहीन. तू फक्त कागद साधा आण."

झेरॉक्सच्या कागदाचं रीम आणून ठेवलंय. उजेडाला धरून बघितलं, कोरं आहे.