चेशमपर्यंत ट्यूबने, पुढे नदीकाठाने: मेट्रोपोलिटन लाइनचा अनुभव

लंडनच्या भुयारी रेल्वेबद्दल, म्हणजे 'ट्यूब'बद्दल, मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक शहराच्या मध्यभागापुरते असते. मला या सेवेचे खरे मोल कळले ते तिच्या अगदी टोकाच्या स्थानकावर उतरून चालू लागल्यावर. मेट्रोपोलिटन लाइन या तिच्या मार्गाने चेशमला जावे आणि तिथून चेस नदीच्या काठाने रिकमन्सवर्थपर्यंत सुमारे १६ किलोमीटर चालावे, यापेक्षा लंडनच्या वेशीची चांगली ओळख करून देणारा दुसरा प्रवास मला माहीत नाही. ही वाट मी वेगवेगळ्या ऋतूंत चाललो आहे, आणि एकदा पुण्याहून आलेल्या वडिलांनाही तिथे घेऊन गेलो आहे.

१० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावू लागलेल्या, जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेची मेट्रोपोलिटन लाइन ही थेट वारस आहे. तरीही बेकर स्ट्रीटहून निघालेली गाडी फिंचली रोडपाशी बोगद्यातून वर येते आणि उरलेला प्रवास उघड्यावरच होतो. तिथून वेम्ब्ली पार्कपर्यंत ती कुठेही थांबत नाही. याच टप्प्यात डॉलिस हिल मागे पडते, जिथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिथे उतरायचे असेल तर मात्र ज्युबिली लाइनच घ्यावी लागते. मेट्रोपोलिटन लाइनच्या गाड्या वातानुकूलित आहेत आणि त्यांत प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसता येईल अशी आडवी आसनेही आहेत. शहर विरळ होत जाताना पाहायचे असेल तर ही आसने फार मोलाची ठरतात.

हॅरोच्या आसपास खिडकीतून दिसणारी जोडघरांची रांगच्या रांग ही या रेल्वेचीच निर्मिती म्हणता येईल. रुळांसाठी घेतलेल्या जमिनीपैकी उरलेली जमीन कंपनीने स्वतःकडे राखली, तिच्यावर वसाहती उभ्या केल्या आणि १९१५पासून या साऱ्या पट्ट्याची 'मेट्रोलँड' या नावाने जाहिरात केली. मूर पार्कच्या पुढे झाडी दाट होते आणि मग घरांची सलगता तुटते. शहर असे थांबते याचे श्रेय बऱ्याच अंशी शहराभोवतीची मोकळी जमीन राखणाऱ्या १९३८च्या हरितपट्टा कायद्याला आणि पुढच्या नियोजनाला द्यावे लागेल. शेवटचा चाल्फंट अँड लॅटिमर ते चेशम हा टप्पा ६.२६ किलोमीटरचा, म्हणजे लंडनच्या भुयारी जाळ्यातल्या लगतच्या दोन स्थानकांमधील सर्वांत मोठे अंतर आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या इथे १९६०मध्ये आल्या. त्याआधी वाफेची इंजिने येत, आणि त्यांना पाणी देणारी टाकी चेशम स्थानकात अजूनही नीट जपलेली आहे.

वाट चेशमहून सुरू करावी, रिकमन्सवर्थहून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. नदी सोबतीला असते, उतार सौम्य असतो आणि थकवा येऊ लागतो तेव्हा गाड्यांची चांगली वर्दळ असलेले स्थानक जवळ येत असते. चेस ही चुनखडीच्या खडकातून उगवणारी नदी असल्यामुळे तिचे पाणी अगदी नितळ असते. पुलावर उभे राहिले तर तळातले गोटे मोजता येतात. वाट ठिकठिकाणी खासगी शेतांतून जाते, पण तिथून चालण्याचा हक्क सर्वांना असतो आणि खांबावरचा पिवळा बाण तेच सांगत असतो. डोक्यावर तांबूस घारी घिरट्या घालतात. या भागातून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पक्षी आणून त्या चिल्टर्न टेकड्यांत पुन्हा वसवल्या गेल्या.

वडील सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ते लॅटिमर गावाच्या हिरवळीवर. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांच्यात झालेल्या बोअर युद्धाच्या स्मारकाशेजारी तिथे एक लहानसा उंचवटा आहे. त्या युद्धात बोअरांच्या बाजूने लढताना १९००मध्ये मारल्या गेलेल्या फ्रेंच सेनानी विल्बुआ-मारुईच्या घोड्याचे हृदय त्याखाली पुरले आहे. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या लॉर्ड चेशमने तो घोडा इथे आणला होता. पुढे शेताच्या कडेला झाडांखाली विटांचे एक एकटे थडगे लागते. ते विल्यम लिबर्टी नावाच्या वीटभट्टीवाल्याचे आहे. स्वतःच्या जमिनीतच पुरावे अशी त्याची इच्छा होती, असे शिळेवर कोरलेले आहे. तो १७७७मध्ये वारला आणि ३२ वर्षांनी त्याच्या पत्नीलाही तिथेच ठेवले गेले. शेवाळलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वडिलांनी तो सगळा मजकूर वाचून काढला.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चेशमचा फाटा एकेरी रुळाचा असल्यामुळे तिथे साधारण अर्ध्या तासाने एक गाडी येते. गाड्यांत स्वच्छतागृह नाही, त्यामुळे सुमारे तासाभराच्या प्रवासापूर्वीच सोय पाहावी, विशेषतः ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग अधूनमधून बंद असतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे. भाड्याच्या हिशेबात चेशम ९व्या झोनमध्ये आणि रिकमन्सवर्थ ७व्या झोनमध्ये मोडते. नेहमीचेच ऑयस्टर हे प्रवासी कार्ड किंवा बँकेचे कार्ड चालते, पण सकाळच्या गर्दीच्या वेळी भाडे जास्त लागते. जेवणाच्या बाबतीत वाटेवरच्या खाणावळींवर विसंबू नये. अडीच वाजता पोहोचलो तेव्हा एका ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेले होते आणि आम्हाला वेफर्सवर भूक भागवावी लागली. तेव्हापासून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेतो.

हिवाळ्यात नदीकाठी घोट्यापर्यंत चिखल होतो, म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. पूर्ण अंतर झेपणार नसेल तर लॅटिमरहून टेकडी चढून चाल्फंट अँड लॅटिमर स्थानक गाठावे. आम्ही वडिलांना घेऊन तसेच परतलो, आणि फलाटावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उरलेली वाट कधी चालायची हा.