बर्नआउट झालाय, मोठी सुट्टी घ्यायची की कामातच बदल करायचा?

बर्नआउट म्हटलं की सगळे एकच सांगतात, सुट्टी घे. घ्याच, झोप भरून निघाल्याशिवाय डोकं चालतच नाही. पण परत गेल्यावर काही आठवड्यांत पुन्हा तेच सुरू होतं, कारण कामाचा ढीग, रात्रीचे मेसेज, कशातच आपलं न चालणं हे सगळं जिथल्या तिथे असतं.

दुसरा पर्याय म्हणजे आहे त्या कामातच बदल करून घेणं. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, आणि त्यात तीन गोष्टी येतात, थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. माझ्या मते शेवटच्या दोन नुसत्या आरामाने जात नाहीत, त्यासाठी एखादी जबाबदारी सोडावी लागते, वेळेची हद्द ठरवावी लागते. अवघड आहे हे, थकलेल्या माणसात बॉसशी बोलायचीही ताकद नसते, म्हणून मी आधी थोडी सुट्टी आणि परतायच्या आधीच हे बोलणं असा क्रम लावेन.

आणि सुट्टीतही कशातच मन लागत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, मग थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.