आधी गुलशन महल की नवी इमारत?

बडोद्याहून पहाटेची गाडी, मुंबई सेंट्रलहून टॅक्सीने पेडर रोड आणि खिशात त्याच दिवसाचं परतीचं तिकीट. राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय असं एका दिवसात बघायचं तर आवारात शिरल्यावर आधी कुठे वळायचं, जुन्या गुलशन महलात की नव्या इमारतीत, हा खरा प्रश्न. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून आरक्षण करा.

२०१९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या इमारतीत गांधीजी आणि सिनेमा, तंत्रज्ञान, प्रांतोप्रांतीचे चित्रपट अशी दालनं आहेत. शिवाय मुलांचा स्टुडिओ. पहिल्या खेपेला आम्ही तिथून सुरुवात केली आणि फसलो. दोष घरचाच. भाचा स्टुडिओतून हलेना. "मामा, दोनच मिनिटं" म्हणता म्हणता दीड तास गेला. गुलशन महलात पोचलो तेव्हा हातात वीस मिनिटं होती आणि बहिणीचा डोळा घड्याळावर. अख्खा मूकपटाचा काळ मी चालत्या गाडीतून स्टेशनं बघावीत तसा पाहिला. ते अजून खुपतं.

पुढे एकटा गेलो आणि आधी महलात शिरलो. एकोणिसाव्या शतकातला हा बंगला. इथे मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा जमाना असं काळाच्या क्रमाने पुढे जाता येतं, आणि काय उरलं यापेक्षा काय गेलं तेच जास्त डोक्यात घोळतं. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत आज ठाऊक नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच हाती आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ठिणगी पडली की भडकायची, नाही तर डब्यातच चिकट होत शेवटी तिची भुकटी व्हायची. कितीतरी रिळं तर आतली चांदी काढायला विकली गेली. फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, त्यामुळे त्यांच्या काळापाशी माझा पाय जरा जास्तच रेंगाळतो. बडोदेकराला एवढी सूट असावी.

नवी इमारत कमी आहे असं नाही. सोबत मुलं असतील तर त्यांचा जीव तिथेच रमेल, आणि कॅमेऱ्यामागचं तंत्र समजून घ्यायचं असेल तर मोठ्यांचाही. पण तिथे घाईतही बरंच पदरात पडतं, महलात घाई चालत नाही. पुढच्या वेळी भाच्याला बहिणीच्या हवाली करून मी सरळ महलात जाणार. ती दोघं कुठे सापडतील ते ठाऊक आहे.