हरिकेनमध्ये ड्यून किती खचेल: स्टॉकडन-सॅलेंजर का एक्सबीच?

वादळात किनाऱ्यावरची वाळूची टेकडी, म्हणजे ड्यून, किती खचेल हा विषय एम.टेक.च्या प्रोजेक्टला घेतलाय आणि पद्धत कुठली धरायची, स्टॉकडन-सॅलेंजरचा सोपा हिशोब का एक्सबीच हे संगणकी मॉडेल, यावर अडलाय, अशांसाठी लिहितोय. सोलापुरात बसून समुद्राचं काम कसं करणार असं बरेच जण विचारतात, पण अमेरिकेचा लिडार (विमानातून लेसरने मोजलेली किनाऱ्याची उंची) आणि बॉयचा (समुद्रात तरंगत लाटा मोजणारं यंत्र) डेटा फुकट मिळतो, त्यामुळे जुळे सोलापूर काय नि मुंबई काय, सारखंच.

स्टॉकडनचं 2006 चं रनअपचं (लाटेचं पाणी किनाऱ्यावर किती उंच चढतं त्याचं) समीकरण आणि सॅलेंजरची 2000 ची स्केल (पाणी ड्यूनला कितपत भिडतं याचे टप्पे), ही जोडी एकदम सुटसुटीत. रनअप काढा, त्यात सर्ज (वादळाने फुगलेलं पाणी) आणि भरती मिळवा, ड्यूनच्या पायथ्याशी नि माथ्याशी ताडून बघा, झालं. एक्सेलमध्येच होतं, लांबच्या लांब किनारा एका बैठकीत बघून होतो आणि यूएसजीएस (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) हरिकेन यायच्या आधी याच धर्तीवर अंदाज देतं, त्यामुळे कमी लेखू नका.

पण मला नडला तो पुळणीचा उतार. खोल पाण्यात 6 मीटरची लाट, 12 सेकंदांचा पिरियड (दोन लाटांमधला वेळ) धरा. उतार 0.05 घेतला तर रनअप साधारण 2.2 मीटर येतो, 0.10 घेतला तर 3.4. आता सर्ज-भरती मिळून 1 मीटर आणि ड्यूनचा माथा 4 मीटरवर असेल, तर पहिल्यात लाटा ड्यूनला फार तर धडकणार, दुसऱ्यात पाणी थेट माथ्यावरून पलीकडे. एवढा फरक कशाने, तर एका आकड्याने, आणि तो कुठला घ्यायचा? लिडार वादळाच्या आधीचा, आणि वादळ चालू असताना तो उतार तसाच थोडी राहतो. पायथा नेमका कुठे धरायचा यावर तर माझं नि मित्राचं एकाच प्रोफाइलवर (किनाऱ्याच्या उभ्या छेदावर) कधी जमलं नाही.

एक्सबीचमध्ये ही कटकट बरीच कमी होते, कारण प्रोफाइल वादळाबरोबर बदलत जातं. इन्फ्राग्रॅव्हिटी लाटा (नेहमीच्या लाटांपेक्षा बऱ्याच लांब नि संथ) पायथ्यापर्यंत पोचतात, भिजलेली वाळू कमी उतारावरच घसरते, कोरडी बऱ्याच तीव्र उतारापर्यंत उभी राहते, घसरलेली वाळू पुढे पसरते आणि मग पुढच्या लाटा थोड्या आधीच फुटायला लागतात, हे सगळं तासातासाला बघता येतं. धडकेचं ओव्हरवॉश (पाणी माथ्यावरून पलीकडे) कधी झालं तेही कळतं आणि शेवटी मीटरमागे किती घनमीटर वाळू गेली हा आकडा मिळतो, जो स्टॉकडन-सॅलेंजरमध्ये मिळतच नाही.

त्रास आहेच. डिफॉल्टवर धूप जरा जास्तच दाखवतो, निदान माझ्याकडे तरी, मग फॅकुआ (लाटा किती वाळू किनाऱ्याकडे परत आणतात ते ठरवणारा आकडा) वाढवत बसावं लागतं. समुद्राच्या तळाची खोली लागते. टूडी रन (किनाऱ्याची लांबीही धरून) तर साध्या लॅपटॉपवर मे महिन्यात लावूच नका, मध्येच लाइट गेली की वैताग येतो. सॅंडी हरिकेनने 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या फायर आयलंडला पाडली तशी खिंड बघायची असेल तरच टूडीत शिरा, एरवी वनडी (एकाच छेदावर) पुरतं.

लांब किनाऱ्याचा नकाशा हवा असेल नि वेळ कमी असेल तर स्टॉकडन घ्या, चुकीचं काही नाही. पण ड्यूनचं पुढे काय होणार हाच प्रश्न असेल तर मी तरी एक्सबीच वनडी म्हणेन. फक्त पहिला रन हाताने काढलेल्या साध्या प्रोफाइलवर करा, लिडार नंतर आणा.